टॅपेटचा आवाज गेला, पण गरम गाडी किक घेईना: असं का होतं?

केजच्या एका भावाचा प्रश्न आहे. आधी तो थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. 2015 ची स्प्लेंडर, 68 हजार किलोमीटर झालेली. दोन-अडीच महिन्यांपूर्वी हेडमधून (इंजिनाच्या प्लगकडच्या टोकातून) टिकटिक यायला लागली. जवळच्या मिस्त्रीनं दहा मिनिटांत टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणारे स्क्रू) ‘टाइट’ करून दिले आणि आवाज गेला. आता सकाळी गाडी एका किकमध्ये चालू होते. पण अंबाजोगाईला पोचून, तासाभराचं काम उरकून परत निघताना आठ-दहा किक माराव्या लागतात. सिग्नलला, गेटला थांबलं की स्लोवर (रेस न देता) बंद पडते, चढाला दम लागतो. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, फरक शून्य. प्रश्न दोन आहेत: टॅपेटचा गॅप नेमका किती ठेवायचा, आणि हे काम घरी जमेल का?

भाऊ, गॅपच्या आकड्याकडं मी येतो. पण तुमचं दुखणं आकड्याचं नाही. आवाज गेला त्याच दिवशी ते सुरू झालं आणि तुम्ही ते दुरुस्ती समजून घरी घेऊन गेलात. माझ्याकडं लातूरला रोज कुणीतरी येतंच, “दादा, गाडी लई टकटक करायलीय, जरा टॅपेट आवळा की.” आवळा! हा शब्दच निम्म्या हेडचं वाटोळं करतो. टॅपेट आवळायची गोष्ट नाही, मोजायची आहे. मोजल्यावर कधी कमी करावा लागतो, कधी वाढवावा लागतो, आणि बऱ्याचदा हातही लावावा लागत नाही.

आधी गॅप कशासाठी असतो ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. कॅम (फुगीर भाग असलेला दांडा) फिरतो, रॉकर (मधला आडवा हात) ढकलतो, रॉकर वॉल (इनलेटची पेट्रोल-हवा आत घेणारी, एक्झॉस्टची धूर बाहेर सोडणारी झडप) उघडतो. (पुस्तकात व्हॉल्व्ह लिहितात, गॅरेजमधे सगळे वॉलच म्हणतात, मीही तेच लिहितो.) कॅमचा फुगीर भाग निघून गेला की वॉल स्प्रिंगच्या जोरावर आपल्या सीटवर घट्ट बसला पाहिजे. त्या वेळी रॉकरचा स्क्रू आणि वॉलचं टोक यांच्यात केसाएवढी मोकळीक राहावी म्हणून हा गॅप. केसाएवढी हे मी बोलण्यापुरतं म्हणत नाही. 0.05 मिलिमीटर म्हणजे खरोखरच बारीक केसाची जाडी.

मोकळीक जास्त झाली तर रॉकर वॉलवर आपटतो, टिकटिक येते. वॉल थोडा उशिरा आणि थोडा कमी उघडतो, पिकअप किंचित पडतो, आणि फार दिवस तसंच चालवलं तर रॉकरचं तोंड खड्डा घेतं. वाईटच आहे, पण सावकाश होणारं आहे आणि ओरडून सांगणारं आहे. मोकळीक संपली तर मात्र गाडी काहीच बोलत नाही. रॉकर वॉलला सतत दाबून धरतो, वॉल सीटवर पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं दाबलेल्या हवेचा जोर, त्या फटीतून निघून जातो.

यात जास्त भोगतो तो एक्झॉस्टचा वॉल. इंजिन मिनिटाला 6000 फेरे मारत असेल तर हा वॉल सेकंदाला 50 वेळा उघडतो, आणि प्रत्येक वेळी पेटलेला गॅस त्याच्या कडेवरून बाहेर जातो. त्याला थंड व्हायला मुख्य जागा एकच: बंद असताना सीटला टेकणं. सीटमधून उष्णता हेडमधे, हेडच्या पात्यांवरून हवेत. टेकायलाच मिळालं नाही तर तो जळणारच.

हे मी शिकलो ते स्वतःच्या खिशातून पैसे देऊन. 2016 चा उन्हाळा, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो. गाड्यांना दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन बांधून लोक दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे फिरत होते. एक पोरगा अशीच गाडी घेऊन आला, आवाजाची तक्रार. गर्दी होती, इंजिन हात लागू देत नव्हतं, त्याला घाई, मला त्याच्याहून घाई. गरमच इंजिनावर आवाज जाईपर्यंत टॅपेट कमी केले आणि दिला पाठवून. महिनाभरात तो गाडी ढकलत परत आला. हेड खोललं तर एक्झॉस्ट वॉलच्या कडेला त्रिकोणी खाच, तव्यावर विसरलेल्या भाकरीची कड जळून गळावी तशी. वॉल, सीट, सगळं मी माझ्या खर्चानं करून दिलं. तो वॉल अजून टेबलाच्या ड्रॉवरमधे आहे. कुणी ‘आवळा’ म्हणालं की काढून दाखवतो.

आता तुमच्या गाडीचं. सकाळी थंड इंजिनात थोडीफार मोकळीक असेल, म्हणून एका किकमधे चालू होते. चालून गरम झाली की वॉलची दांडी लांबते, होती तेवढी मोकळीक संपते, कॉम्प्रेशन गळतं. तुम्ही सांगितलेली लक्षणं याला तंतोतंत बसतात. तरी मी इथं बसून शपथ घेणार नाही. गरम झाल्यावर चालू न होणारी गाडी करंटची पण असू शकते. गरम झाल्यावर कॉइल किंवा पल्सर कॉइल (स्पार्कची वेळ सांगणारी, पल्सर गाडीची नव्हे) दगा देते, आणि थंड झाल्यावर काही झालंच नाही असं वागते. ओळखायचं कसं? अंबाजोगाईला गाडी जेव्हा आडून बसेल तेव्हाच दोन गोष्टी करा. किक हातानं हळू दाबून बघा. नेहमीसारखा मधे अडकणारा जोर लागत नसेल, किक लोण्यात गेल्यासारखी खाली जात असेल, तर वॉलकडं संशय. किक कडक आहे पण चालू होत नाही, तर प्लग काढून, कॅपला लावून, इंजिनला टेकवून स्पार्क बघा. हे करताना पेट्रोलचा वास असेल तर आधी जरा वारा जाऊ द्या. स्पार्क नसेल तर टॅपेटला दोष देऊ नका.

टिकटिक होती तीसुद्धा टॅपेटचीच होती का, हा वेगळाच मुद्दा. 68 हजारांच्या स्प्लेंडरमधे टायमिंग चेन पण आवाज करते. तो आवाज टिकटिक नसतो, खरखर असतो. साखळी पत्र्याला घासल्यासारखा, डाव्या बाजूनं, आणि रेस सोडताना जास्त. टॅपेटचा आवाज हेडच्या कॅपजवळून येतो, एकसारखा, शिलाई मशिनसारखा, रेस वाढवली की त्याच चालीत वाढतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐका, लगेच कळतं. आणि त्याही आधी ऑइलची काडी बघा. या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असतं, त्यातलं पाव लिटर गेलं तरी हेड कोरडं पडायला लागतं आणि वाजायला लागतं. टॅपेटच्या तक्रारीनं आलेल्या कितीतरी गाड्या माझ्याकडं नुसत्या ऑइलवर गप्प झाल्यात. गिऱ्हाइकाला पटत नाही तो भाग निराळा, त्याला पाना फिरताना दिसला पाहिजे.

गॅप किती? तुमच्या गाडीसोबत आलेल्या पुस्तकात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर तुमच्या मॉडेलचा आणि सालाचा जो आकडा आहे तोच. मी मुद्दाम इथं स्प्लेंडरचा एक आकडा लिहून मोकळा होत नाही, कारण उद्या हे वाचून कुणी तोच आपल्या दुसऱ्या गाडीला लावतो. आपल्याकडच्या 100 ते 150 सीसीच्या गाड्यांत इनलेटचा गॅप साधारण 0.05 ते 0.10 च्या आत असतो, आणि एक्झॉस्टचा तेवढाच किंवा जरा जास्त. उदाहरणच हवं तर पल्सर 150 मधे इनलेट 0.05 आणि एक्झॉस्ट 0.10. एक्झॉस्टला जास्त का, ते वर आलंच आहे. तो जास्त तापतो, जास्त लांबतो.

ज्यांच्या गाडीत हे स्क्रूच नाहीत त्यांनी पुढचं वाचून स्क्रू शोधत बसू नये. यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनाच्या बुलेट-क्लासिकमधे हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते स्वतःच गॅप भरून काढतात. केटीएम ड्यूकमधे स्क्रूऐवजी शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्या असतात. चकती बदलायची तर कॅम काढावा लागतो, ते अंगणातलं काम नाही. आणि जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल तर तिचा हिशोब आणखी निराळा. थंड इंजिनात पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी) बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये, बस. तिथं गॅप मोजायची पट्टीच (फिलर गेज) नाही.

‘थंड इंजिन’ म्हणजे किती थंड, हा प्रश्न आपल्याकडं गमतीचा आहे. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे इंजिन 35 अंशांच्या खाली असताना गॅप बघा असं असतं. मे महिन्यात लातूर-परभणीत दुपारी सावलीतली भिंत सुद्धा त्याच्या वर असते! पण त्यानं घाबरायचं कारण नाही. हवेमुळं सगळं इंजिन एकसारखं पाच-सात अंश जास्त तापलेलं असेल तर गॅपमधे पडणारा फरक पट्टीनं कळणार नाही इतका बारीक असतो. खरी अडचण चालून आलेल्या इंजिनाची. त्यात वॉल वेगळा तापलेला, हेड वेगळं, सिलिंडर वेगळा. गाडी बंद केली की वॉल झपाट्यानं थंड होतो, हेड सावकाश. म्हणजे दर मिनिटाला गॅप बदलत असतो आणि तुम्ही त्यातला कुठला मोजला हे तुम्हालाही ठाऊक नसतं. तुमच्या मिस्त्रीनं दहा मिनिटांत काम केलं म्हणता, म्हणजे तुम्ही गाडी चालवत नेली आणि तशीच खोलली. चूक तिथंच झाली असणार. मी टॅपेटची गाडी संध्याकाळी ठेवून घेतो आणि सकाळी शटर उघडल्यावर, चहाच्या आधी, ते काम पहिलं करतो. गाडी रात्री ठेवायला लोक कुरकुरतात. मग मी ड्रॉवर उघडतो.

घरी जमेल का? स्प्लेंडरच्या आडव्या इंजिनात हे काम जितकं सोपं आहे तितकं फार थोड्या गाड्यांत असतं, कारण हेड कव्हर, टाकी काहीच काढावं लागत नाही. दोन्ही वॉलला स्वतंत्र कॅप आहेत: इनलेटची वर, एक्झॉस्टची खाली. पण फिलर गेज नसेल तर हात लावू नका. माझे उस्ताद फिलर गेजच्या जागी दाढीचं ब्लेड वापरायचे. दुधारी ब्लेडची जाडी साधारण 0.10 असते. जिथं 0.10 हवा तिथं ते चालून जायचं, आणि जिथं 0.05 हवा तिथं गॅप दुप्पट व्हायचा. गाड्या थोड्या वाजायच्या पण जळायच्या नाहीत. म्हणून उस्तादांचं नाव झालं, ब्लेडमुळं नाही. आज गेजचा संच लातूरच्या गंजगोलाईत कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळतो. त्यात 0.05 ची पट्टी आहे ना, हे बघूनच घ्या. स्वस्तातल्या काही संचांत ती नसतेच.

बाकी लागतं ते असं: कॅपसाठी 17 नंबर, लॉकनटसाठी (टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणारा नट) 9 नंबर रिंग पाना, स्क्रूच्या चौकोनी डोक्यासाठी टॅपेट चावी, प्लग पाना, मॅग्नेट (इंजिनासोबत फिरणारं डाव्या बाजूचं चाक) फिरवायला गोटी पाना, जुनं फडकं, आणि कॅपच्या दोन नव्या ओ रिंग. ओ रिंगवर कंजुषी करू नका. जुनी कडक झालेली रिंग परत बसवली की ऑइल पाझरतं, त्यावर आपली काळी माती बसते आणि पंधरा दिवसांत हेडच्या पात्यांत लिंपण तयार होतं.

गाडी मेन स्टँडवर घ्या. प्लगच्या आजूबाजूची धूळ आधी हवा मारून किंवा ब्रशनं काढा, नाहीतर प्लग काढताच ती आत जाईल. प्लग काढला की इंजिन हातानं हलकं फिरतं. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणं आहेत, मधोमध मोठं आणि वर लहान, खाचेत नाणं घालून उघडतात. मोठ्यातून नटाला गोटी लावायची आणि लहानातून मॅग्नेटवरची खूण बघायची. डावीकडून बघताना मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा, म्हणजे इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेनं. काही गाड्यांत किक हलकी व्हावी म्हणून कॅमवर डिकॉम्प्रेसर असतो आणि उलटं फिरवलं की तो एक्झॉस्ट वॉल उचलून धरतो, मग गॅप चुकीचा दिसतो. म्हणून दिशेची सवय सगळ्याच गाड्यांना एकच ठेवा.

‘टी’ ची रेघ कव्हरच्या खाचेसमोर आली की पिस्टन टॉपवर. शेजारी ‘एफ’ ची खूण असेल तर ती करंटच्या टायमिंगची आहे, तिला टॉप समजू नका. अर्थात कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात एफवर मोजलं तरी गॅपमधे फारसा फरक पडत नाही, कारण कॅम तिथंही सपाटच असतो. खरी गफलत होते ती फेऱ्याची. पिस्टन दर फेऱ्याला टॉपवर येतो, पण दोन्ही वॉल बंद असतात ते दोन फेऱ्यांतून एकदा. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो. तिथं गॅप लावला तर कॉम्प्रेशनच्या वेळी तो भलताच मोठा निघतो आणि गाडी भांड्यांच्या गाडीसारखी वाजते. ओळखायला सोपं आहे. टॉपवर आणल्यावर दोन्ही रॉकर बोटांनी धरून हलवून बघा. दोन्ही किंचित हलले तर बरोबर. दोन्ही कडक असतील तर अजून एक पूर्ण फेरा फिरवा आणि परत बघा.

पण तुमच्या गाडीत एक फसगत आहे. गॅपच शून्य असेल तर बरोबर टॉपवर असूनही रॉकर हलणार नाही, आणि तुम्ही फेरे मारत बसाल. तेव्हा इनलेटकडं बघत फिरवा. इनलेटचा रॉकर वॉल दाबून खाली नेतो, मग वर येतो. तो वर येऊन थांबला की त्यानंतर येणारी पहिली ‘टी’ ती कॉम्प्रेशनची. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला असेल तर हवेचा दाबही तिथंच लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दहातले नऊ मिस्त्री करत नाहीत. लॉकनट ढिला करायच्या आधी, आहे तो गॅप मोजा आणि लिहून ठेवा. एकदा नट ढिला केला की आधी काय होतं हे कायमचं गेलं. इनलेट किती, एक्झॉस्ट किती, किलोमीटर किती. मी गिऱ्हाइकाच्या गाडीच्या पुस्तकावर पेन्सिलनं लिहून देतो. हा आकडा पुढं सोन्यासारखा कामाला येतो, तो कसा ते खाली सांगतो.

मोजायची पद्धत अशी. समजा हवा 0.05. ती पट्टी पुसून, हलकं ऑइल लावून सरळ सरकवा. चिकट कागदाच्या गड्डीतून एक कागद ओढताना लागतो तेवढाच अडथळा जाणवला पाहिजे. जोर लावावा लागला तर गॅप कमी आहे. मग त्याच्या वरची जाड पट्टी घालून बघा, ती जाता कामा नये. एक जाते, पुढची जात नाही: एवढंच हवं. नुसतं ‘जाते’ याला अर्थ नाही, कारण 0.30 च्या गॅपमधून पण 0.05 ची पट्टी जातेच की. खालच्या एक्झॉस्टच्या भोकातून सरळ पट्टी नीट शिरत नाही, म्हणून माझ्याकडची एक पट्टी मी टोकाला किंचित वाकवून ठेवलीय. ती कॅप उघडताना थोडं ऑइल हातावर येतं, फडकं आधीच खाली धरा, सायलेन्सरच्या बेंडवर सांडलं तर नंतर धूर बघून घरचे घाबरतात.

गॅप बदलायचा असेल तर लॉकनट अर्धा फेरा ढिला करा, पट्टी मधे ठेवूनच स्क्रू हलकेच फिरवा. एक लक्षात घ्या, स्क्रूचे आटे बारीक असले तरी एक फेऱ्याचा आठवा भाग म्हणजे गॅप पूर्ण मिटवायला पुरेसा आहे. इथं मनगट पण नको, नुसती बोटं. पट्टीला हवा तो अडथळा आला की टॅपेट चावीनं स्क्रू धरून ठेवा आणि मग नट आवळा. हो, इथं आवळायचंय, पण नट. नट आवळताना स्क्रू त्याच्यासोबत थोडासा फिरतोच आणि आट्यांमधली ढिलाई पण जाते, त्यामुळं गॅप बदललेला असतो. म्हणून नट आवळल्यावर परत मोजायचं, आणि बहुतेक वेळा परत सोडून पुन्हा करायचं. मला अजून दोन-तीनदा करावं लागतं. पहिल्या खेपेला जमलं तर मलाच शंका येते. मग इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा टॉपवर आणा आणि दोन्ही वॉल शेवटचे मोजा. कॅप लावताना आधी हातानं पूर्ण बसवा, पाना शेवटच्या पाव फेऱ्यालाच. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर पुढचं काम लेथवाल्याकडं.

दोन जवळजवळ सारख्या पट्ट्यांमधे अडकलात आणि ठरेना, तर गॅप जरा जास्त बाजूला ठेवा, कमी बाजूला नको. पुस्तकातल्या हद्दीत राहूनच, पण मोकळ्या बाजूला. थोडी टिकटिक मला चालते. माझ्या स्वतःच्या गाडीचे टॅपेट सकाळी वाजतात आणि शेजारचे टोमणे मारतात, “मेकॅनिकची गाडी बघा!”

गॅप बरोबर लावूनही टिकटिक राहिली तर? 68 हजारांत तशी शक्यता आहे. रॉकरचा स्क्रू किंवा वॉलचं टोक जिथं आपटतं तिथं बारीक खड्डा पडलेला असतो. तुमची पट्टी सपाट, ती खड्ड्याच्या काठांवर टेकते आणि 0.05 दाखवते, प्रत्यक्षात खड्ड्याच्या तळाशी गॅप दुप्पट असतो. अशा वेळी मिस्त्री आवाज जाईपर्यंत आवळतो, आणि चालू होतो तुमच्यासारखा खेळ. बॅटरी मारून स्क्रूचं टोक बघा. चकचकीत गोलाई हवी, चपटं किंवा बशीसारखं असेल तर स्क्रू बदला. रॉकर आणि कॅमलाच ओरखडे असतील तर तो खर्च वेगळा आणि त्याला टॅपेट सेटिंग हे उत्तर नाही.

तुमच्या गाडीत सकाळी मोजल्यावर पट्टी जातच नाही असं निघालं, तर गॅप नीट लावा आणि आठवडाभर नेहमीसारखी चालवा. वॉल अजून जळला नसेल तर गरम असतानाची किक एक-दोन दिवसांतच पूर्वीसारखी कडक होईल आणि गाडी स्लोवर पण टिकेल. नाही झाली तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर ठेवून प्लगच्या भोकातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा द्या. गाडी गिअरमधे आणि कुणीतरी मागचा ब्रेक धरून, नाहीतर इंजिन फिरेल. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल गळतोय, कार्बोरेटरकडून आली तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंग, तो विषयच वेगळा. वॉल गळत असेल तर हेड उतरवून वॉल ग्राइंड करून बसवावा लागतो किंवा बदलावा लागतो. बसवल्यावर मिस्त्रीला तुमच्यासमोर पोर्टमधे (वॉलमागच्या वाटेत) रॉकेल किंवा पेट्रोल ओतायला सांगा. पाच मिनिटं वॉलच्या कडेनं थेंब आला नाही तरच हेड चढवू द्या.

तो लिहून ठेवलेला आकडा कुठं कामाला येतो ते सांगायचं राहिलं. गॅप लावल्यावर तीन-चार हजार किलोमीटरनं परत थंड इंजिनावर मोजा. जागेवर असेल तर निश्चिंत राहा आणि पुढं एक सर्व्हिसिंग सोडून एकदा बघत जा. एक्झॉस्टचाच गॅप परत कमी झाला असेल तर वॉल सीटमधे खोल बसत चाललाय. तो पुन्हा पुन्हा मिटणार, आणि दरवेळी गॅप लावणं म्हणजे दिवस ढकलणं. तेव्हा हेडचं काम सुगी संपल्यावर करू म्हणून पुढं टाकू नका. उलट गॅप वाढत असेल तर रॉकर, स्क्रू किंवा कॅम झिजतोय, घाई नाही, पण ऑइल वेळेवर बदला. आणि आता जो पहिला आकडा मिळेल, आवळलेल्या अवस्थेतला, नट सोडायच्या आधीचा, इनलेट आणि एक्झॉस्ट वेगवेगळा, तो इथं टाका. सोबत गरम असताना किक कडक होती की मऊ तेही लिहा. हेड खोलायचं की नाही, ते मग सांगतो.